पट्टीबाहेरचा मासा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. अजून कुणाचाच बसलेला नाही. आमच्या चर्चचे धर्मगुरू, ज्यांना बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशाबद्दल तिळमात्र शंका नाही, त्यांनीसुद्धा माझा मासा अर्ध्यावर आला तेव्हा घड्याळ पाहिलं. तेव्हा तुम्ही मान हलवलीत तरी मी मनावर घेणार नाही.

एवढं मी त्या ओहायोच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं. नंतर तक्रार नको.

जूनमधली गोष्ट. आम्ही व्हर्लीनच्या दुकानात होतो. तलावाचं पाणी चिंचोळं होऊन जिथे आत घुसतं, त्या सॉमिल फाट्याच्या धक्क्याला लागून तिचं आमिषांचं दुकान आहे. जिवंत गांडुळं, रबरी गांडुळं, बर्फ आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, सगळं एकाच दरवाजातून मिळतं. अलाबामात जूनमध्ये गार हवा कुठे असेल तर ती व्हर्लीनच्या गल्ल्यामागच्या यंत्रात, म्हणून मिस ओडेलही तिथे होत्या. मिस ओडेलनी या गावातल्या निम्म्या माणसांकडून चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलातल्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या आहेत. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर परात घेऊन चवळीच्या शेंगा सोलत होत्या.

ओहायोच्या माणसाचं नाव क्राउस. गाडीच्या टपावर नवी कोरी कयाक, एकट्यापुरती निमुळती होडी. तिला अजून पाणी लागलेलं नव्हतं, हे शंभर पावलांवरून कळत होतं. तो आत आला आणि म्हणाला, "मला मोठा बास मासा धरायचाय. कयाकमधून. रॉड कुठला घेऊ, आणि आमिष कुठलं?"

व्हर्लीननं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली.

"बसा," मी म्हणालो. "मी हॉलिस टिडमोर. या तलावातला सगळ्यात लांब बास एप्रिलमध्ये मी धरला. पण आधी तुम्हाला गारपिटीपासून ऐकावं लागेल."

"गारपिटीचा काय संबंध, मिस्टर टिडमोर?"

"गारपीट झाली नसती तर मी त्या दिवशी घरी झोपलो असतो."

तर मार्चअखेर गारा पडल्या. इकडे एरवी गारा पडतात त्या लिंबाएवढ्या. त्या दिवशीच्या पपनसाएवढ्या होत्या. एक तर शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पडली आणि कोंबडी तीन आठवडे तिच्यावर बसून राहिली. माझ्या बायकोची, वायनेलची, गाडी बाहेर उभी होती, कारण गराजमध्ये माझे मासेमारीचे रॉड होते. गारा थांबल्यावर मी बाहेर जाऊन नीट पाहणी केली. गाडीच्या टपाला इतके पोचे आले होते की पाखरं त्यात पाणी प्यायला लागली होती. गराजमध्ये मात्र एकाही रॉडला ओरखडा नाही. ही चांगली बातमी मी वायनेलला लगेच आत जाऊन सांगितली.

वायनेल थोडा वेळ गप्प बसली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार मला पाठ झालेत. हा नवीन होता.

मग ती गराजमध्ये आली आणि म्हणाली, "हॉलिस, यातला एकेक कशासाठी आहे ते मला सांग."

मला वाटलं, शेवटी हिला गोडी लागली! मी सांगायला लागलो. हा ताठ, जाड, पाणगवतातून मासा उपसायला. हा लवचिक, लाकडी माशासाठी, म्हणजे माशासारख्या कोरलेल्या आमिषासाठी. लाकडी माशाला तीन-तीन काट्यांचे गळ असतात, ताठ रॉडनं हिसका दिला की गळ माशाच्या तोंडातून निसटतो, लवचिक रॉड माशाबरोबर वाकतो. हा लांब, दूर फेकायला. हा आखूड, लोकांच्या धक्क्यांखाली आमिष सरकवायला.

"आणि हे दोन?" ती म्हणाली. "हे तर सारखेच आहेत."

"हा सकाळचा, तो संध्याकाळचा."

"बरं. ड्यूईकडे किती रॉड आहेत?"

ड्यूई म्हणजे तिचा भाऊ. त्याच्याकडे एक रॉड आहे, तोही त्याच्या सासऱ्यानं टाकून दिलेला. त्याचं रीळ फिरवलं की जुन्या दम्यासारखा आवाज येतो. ड्यूई काठावर उपडी बादली टाकून बसतो, गळाला जिवंत गांडूळ लावतो आणि झोपतो. याला मी मासेमारी म्हणत नाही.

"एक," मी म्हणालो.

"आणि त्याच्या भिंतीवरचा मासा किती लांब?"

"चोवीस इंच." सांगावंच लागलं. दर वर्षी थँक्सगिव्हिंगला मी त्या पेंढा भरलेल्या माशाखाली बसून टर्की खातो. मासा माझ्याकडे बघत असतो.

"मग ऐक," वायनेल म्हणाली. "एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी अंगणात जुन्या सामानाचा सेल लावतेय. आदल्या दिवशी, शुक्रवारी, सूर्य बुडायच्या आत चोवीस इंचांहून लांब मासा मला पट्टीवर दाखव. दाखवलास तर रॉड राहतील गराजमध्ये, गाडी राहील गारांत, मी जन्मात एक शब्द काढणार नाही. नाही दाखवलास, तर एकूण एक रॉड अंगणात."

"सकाळचासुद्धा?"

"दोन्ही."

इथे क्राउसनं मान हलवली. "कडक आहेत तुमच्या मिसेस."

"कडक?" व्हर्लीन म्हणाली. "आमच्या कयाक क्लबच्या स्पर्धेचे फोटो तीच तपासते. क्लबनं मत घेऊन तिला नेमलंय. विरोधात एकच मत पडलं."

ते मत कुणाचं होतं ते सांगायची गरज नाही. आता कयाकवाल्यांची स्पर्धा कशी असते ते तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडे मासा तोलत नाहीत, मोजतात. मासा धरायचा, मोजपट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड पट्टीच्या कडेला टेकलेलं, मिटलेलं, शेपूट पट्टीवर, फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. फोटो पंचाकडे. वायनेलनं गेल्या वर्षी माझाच एक फोटो बाद केला.

"का?" मी विचारलं होतं.

"तोंड उघडं होतं."

"माशाचं?"

"दोघांचं. माशाचं नियमात बसत नाही."

असो. तो शुक्रवार उजाडला. आता प्रश्न असा की रॉड कुठले न्यायचे. शहाणा माणूस कयाकमध्ये चार नेतो, पाच नेतो. जास्त नेले तर आमिष फेकताना मागच्या रॉडांत अडकतं. पण तुम्हीच सांगा, उद्या ज्यांना उचलून लोकांच्या गाड्यांत घालणार, त्यांतले चार निवडायचे आणि बाकीच्यांना गराजमध्ये ठेवायचं? माझ्यानं झालं नाही. मी सगळे घेतले.

"सगळे म्हणजे किती?" क्राउसनं विचारलं.

"मोजले नाहीत. माणूस नातवंडं मोजतो का? आली की जेवायला वाढतो."

कयाक पाण्यात गेली तेव्हा साळिंदरासारखी दिसत होती. वारा सुटला की सगळे रॉड एकदम गुणगुणायचे. एक बगळा आला, रॉडांच्या जंगलात झोप काढून गेला. मला जागा अशी राहिलीच नाही. मी गुडघे कानाशी घेऊन पायांनी पॅडल मारत होतो.

पहाटेला पाणी गढूळ होतं, आदल्या रात्रीच्या पावसाचं. "मिस्टर क्राउस," मी म्हणालो, "गढूळ पाण्यात माशाला रंग दिसत नाही, सावली दिसते. म्हणून काळं आमिष. काळं रबरी गांडूळ, लांब शेपटीचं."

क्राउस उठला, भिंतीवरच्या खुंटीवरून काळ्या गांडुळांची पिशवी काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

"मग ऊन वर आलं, पाणी निवळलं. निवळ पाण्यात मासा नीट बघून खातो. तिथे नैसर्गिक रंग हवा, शेवाळी, भोपळ्याच्या बियांसारखा."

शेवाळी गांडुळांची पिशवी गल्ल्यावर आली.

"मग वारा सुटला, पाण्यावर सुरकुत्या आल्या. तेव्हा फिरत्या पात्याचं आमिष. पातं चमकतं, माशाला वाटतं लहान माशांचा थवा घाबरून पळतोय. आणि पाणगवत दाट असेल तिथे रबरी बेडूक, कारण त्याचे गळ पाठीवर दुमडलेले असतात, गवतात अडकत नाहीत. बेडूक गवतावरून उड्या मारत न्यायचा आणि मासा उसळला तरी लगेच हिसका द्यायचा नाही. मनात एक प्रार्थना म्हणायची, मग हिसका."

"छोटी प्रार्थना," मिस ओडेल शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या.

"जेवणाआधीची, मिस ओडेल."

तोवर फिरतं पातंही आलं होतं आणि दोन बेडूकही. एक हिरवा, एक पांढरा. क्राउस म्हणाला, "मग यातलं त्यानं काय घेतलं?"

"काहीच नाही."

क्राउसनं गल्ल्यावरच्या ढिगाकडे पाहिलं. व्हर्लीननं तोवर सगळं पिशवीत भरलं होतं. व्हर्लीन माझ्या गोष्टीत कधी तोंड घालत नाही. फार सभ्य बाई.

दुपार झाली. मी चीजचं सँडविच खाल्लं. एकेक रॉड काढून फेकत होतो आणि परत ठेवत होतो, आणि परत ठेवताना प्रत्येकाला काहीतरी चांगलं बोलत होतो. सूर्य पश्चिमेला कलला. लहान मासे लागत होते, नाही असं नाही. बारा इंच, चौदा इंच. पण त्यांना पट्टीवर ठेवण्यात अर्थ नव्हता. शेवटी सगळे रॉड हरल्यावर मी सगळ्यात जाड रॉड घेतला आणि त्याला ती वस्तू बांधली.

ती वस्तू मी कुणाला दाखवत नाही. मोठ्या माशाचं एक तत्त्व आहे, मिस्टर क्राउस. म्हातारा मासा दिवसभर किडेमुंग्या वेचत फिरत नाही. तो एका जागी पडून राहतो आणि एकदाच भरपेट जेवतो. त्याला जेवण दाखवावं लागतं. मी एक लाकडी मासा कोरला होता, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. लाकूड चांगलं ओक होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाचा चौथा पाय.

"वायनेलला कळलं नाही?" व्हर्लीननं विचारलं. व्हर्लीनलाही हे नवीन होतं.

"टेबलाची ती बाजू मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून दिली. ती म्हणाली, बरं झालं, उजेड येतो."

क्राउस म्हणाला, "असा मोठा लाकडी मासा इथे मिळतो का?"

व्हर्लीननं खाली वाकून एक काढला आणि गल्ल्यावर ठेवला. त्यावर बरीच धूळ होती.

तर फाट्याच्या तोंडाशी जिथे जुनी नदी वळते आणि उथळ पाणी एकदम खोल होतं, तिथे मी टेबलाचा पाय फेकला. इतका जड की पाण्यावर पडला तेव्हा पलीकडच्या काठावर कुणीतरी दार उघडून बघितलं. मी हळूहळू रीळ फिरवायला लागलो. दोन वेटोळी, थांबा. दोन वेटोळी, थांबा. मोठं आमिष घाईनं ओढायचं नसतं.

तिसऱ्यांदा थांबलो आणि पाणी खाली गेलं. वर उसळलं नाही, खाली गेलं. परातीचा मध्य कुणीतरी बोटानं दाबावा तसं. मग तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताठ झालं.

मी हिसका दिला. रॉड असा वाकला की टोक पाठीमागून फिरून आलं आणि माझी टोपी काढून घेऊन गेलं. बाकीचे रॉड एका बाजूला कलंडले, कयाक एका कुशीवर झाली. मोठ्या मोटरबोटीत माणूस माशाला ओढतो, तंगूस तुटतं, मासा जातो. कयाकमध्ये मासा माणसाला ओढतो. तोच दमतो. हलक्या होडीचा हा एकच फायदा आहे, पण तो पुरतो. त्यानं मला फाट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत नेलं, मग परत आणलं. मला वाटतं, त्याला मी दमलो की नाही ते बघायचं होतं.

शेवटी तो कयाकच्या बाजूला आला. मी त्याच्या खालच्या ओठात अंगठा घातला. ओठात जन्मभराचे गळ अडकलेले. त्यानं मान हलवली की देवळाच्या किल्ल्यांचा जुडगा वाजावा तसा आवाज यायचा.

"चर्चच्या," मिस ओडेल म्हणाल्या.

चर्चच्या. त्यातले दोन गळ माझे होते. मी ते ओळखले आणि परत घेतले.

मग मी मोजपट्टी काढली, मासा तिच्यावर आडवा ठेवला, नाक कडेला टेकवलं, तोंड मिटलं, आणि शेपटीकडे पाहिलं. शेपूट पट्टीवर नव्हती. पट्टी संपल्यावरही मासा चालूच होता.

"किती लांब होता?" क्राउस पुढे सरकून बसला.

"तीच तर पंचाईत. पट्टी बावीस इंचांवर संपत होती."

"पट्टी तर सव्वीसची असते. माझी तीसची आहे."

"माझीही सव्वीसची होती. पण मागच्या हिवाळ्यात मला कयाकमध्ये आणखी एक रॉड बसवायचा होता. पट्टी चार इंचांनी आडवी येत होती. मी करवतीनं कापली."

क्राउस माझ्याकडे बघत राहिला. "मोजपट्टी कापलीत?"

"अहो, जन्मभर मासे मोजतोय. बावीसच्या पलीकडे एकदाही जावं लागलं नव्हतं. ते चार इंच नवे कोरे होते. न वापरलेलं लाकूड किती दिवस बरोबर घेऊन हिंडायचं?"

व्हर्लीननं शेंगांच्या पातेल्यात उगाचच चमचा फिरवला.

आता माझी अवस्था बघा. मांडीवर अलाबामातला सगळ्यात लांब बास. हातात आखूड पट्टी. समोर सूर्य, पाइनच्या शेंड्यांपासून दोन बोटं वर. असा फोटो पाठवला तर वायनेल काय म्हणेल ते मला तिच्याच आवाजात ऐकू येत होतं: "शेपूट पट्टीवर नाही. बाद." रॉड शेजारी ठेवून काढू? "रॉड ही पट्टी नव्हे." हातानं मापू? "कुणाच्या हातानं?" मग माझ्या लक्षात आलं की पट्टी माशाला पुरत नसेल तर लांब टेप असलेल्या घरापर्यंत मासा न्यायला हवा. आमचं घर तलावाच्या दुसऱ्या टोकाला. पॅडल मारत गेलो असतो तर अंधार पडला असता.

मी मासा परत पाण्यात सोडला. गळ तोंडातच ठेवला, तंगूस कयाकच्या नाकाला बांधलं, आणि त्याचं तोंड घराकडे वळवलं.

"आणि तो गेला?" क्राउस म्हणाला.

"त्याच्या मागे साळिंदर लागलं होतं. तुम्ही गेला नसतात?"

तो जो सुटला! रॉड सगळे मागे झुकले आणि एका सुरात शिट्टी वाजवायला लागले. पॅडल मारायचं काम नव्हतं. मी डावीकडे झुकलो की मासा डावीकडे, उजवीकडे झुकलो की उजवीकडे. चर्चच्या घाटाशी बॅप्टिस्ट पंथाचा, पाण्यात पूर्ण बुडवून करायचा बाप्तिस्मा चालू होता, प्रार्थनासभांचा आठवडा होता ना. मी टोपी काढायला हात वर केला तेव्हा आठवलं, टोपी गेलीय. पण मागून माझी लाट गेली. नुसते बघायला आलेले मेथडिस्ट, ज्यांचा बाप्तिस्मा डोक्यावर चार थेंब शिंपडून होतो, काठावर कोरडे उभे होते. ते सगळे त्या दिवशी बॅप्टिस्ट होऊन घरी गेले. डोक्यापासून पायापर्यंत, नियमाप्रमाणे.

"ते मला आठवतं," मिस ओडेल म्हणाल्या. "ती लाट पावसाच्या पाण्याची होती."

"पुढून तुम्हाला तशी दिसली असेल, मिस ओडेल."

पुलाजवळ तलाव-खात्याच्या अधिकाऱ्यानं शिट्टी मारली. त्याची मोटरबोट माझ्या शेजारून धावायला लागली.

"मिस्टर हॉलिस!" तो ओरडला. "इथे लाट उठवायला बंदी आहे! वेग कमी करा!"

"मी काही करत नाहीये!" मी ओरडलो. "मोटरच नाही माझ्याकडे!"

त्यानं कयाकच्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं. तंगूस पाण्यात गेलेलं पाहिलं. फार जबाबदार पोरगा. त्याची आई वायनेलच्या बायबल-वर्गात आहे. "मग त्याला सांगा," तो म्हणाला.

"तूच सांग. तुझ्याकडे बिल्ला आहे."

त्यानं खरंच वाकून पाण्याला सांगितलं. मासा थोडा हळू झाला. कायद्याचा धाक वेगळाच.

आमच्या धक्क्याला लागलो तेव्हा सूर्य निम्मा झाडांत गेला होता. वायनेल अंगणात टेबलं मांडत होती. प्रत्येक टेबलावर चादर, चादरीवर चिमटे. रॉडांसाठी मोठी टेबलं, तीही रिकामी वाट बघत. मी ओरडलो, "वायनेल! शिवणाची टेप आण!"

"कशाला?"

"पट्टी पुरत नाही!"

ती टेप गळ्यात घालून धक्क्यावर आली. मी मासा उचलून फळ्यांवर ठेवला. मासा दमला होता, पण तोंड त्यानं आपणहून मिटलं. वायनेलसमोर सगळेच मिटतात. तिनं टेप नाकापासून शेपटीपर्यंत ताणली. मग परत एकदा, दुसऱ्या बाजूनं, मासा दोन्ही बाजूंनी सारखा आहे ना ते बघायला.

"साडेअठ्ठावीस," ती म्हणाली.

व्हर्लीनच्या हातातला चमचा पातेल्याच्या काठावर थांबला. क्राउसनं श्वास घेतला तो सोडला नाही. मी त्याला वेळ दिला.

"आणि मग?" त्यानं शेवटी विचारलं.

"मग तिनं सूर्याकडे पाहिलं. अजून नखाएवढा बाकी होता. तिनं माशाला दोन्ही हातांत धरून पाण्यात पुढेमागे केलं, कल्ल्यांत पाणी जाईपर्यंत. मासा निवांत निघून गेला. वायनेलनं हात एप्रनला पुसले."

"काही बोलल्या?"

"वायनेल शब्दाची पक्की आहे. एक शब्द काढणार नाही म्हणाली होती, काढला नाही. चादरी घड्या केल्या, टेबलं आत नेली, कोपऱ्यावरचा सेलचा फलक उपटून आणला. मी कयाकमधून एकेक रॉड उतरवून गराजमध्ये आपापल्या खुंटीवर टांगला. सकाळचा पहिल्या खुंटीवर, संध्याकाळचा शेवटच्या. शनिवारी आमच्या अंगणात गवताशिवाय काही नव्हतं."

"एकही रॉड गेला नाही?"

"एकही नाही, मिस्टर क्राउस. आज घरी येऊन बघा, सगळे टांगलेले आहेत." बघायला तो येणार नव्हता; त्याच्या घरचे मोटेलवर वाट बघत होते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. "तेव्हा रॉड म्हणाल तर पाच-सहा घ्या. निदान सात. कुठला लागेल ते माशालाच ठाऊक."

क्राउस उठला आणि रॉडांच्या भिंतीकडे वळला. व्हर्लीन गल्ल्यामागून बाहेर आली, त्याला वरचे काढून द्यायला स्टूल घेऊन. त्यानं ताठ रॉड हातात घेतला, हलवून पाहिला, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं लवचिक घेतला. मी मान डोलावली.

कोपऱ्यात शेंग मोडल्याचा आवाज थांबला. मिस ओडेलनी परात मांडीवरून उचलून शेजारच्या पेटीवर ठेवली.

"हॉलिस टिडमोर," त्या म्हणाल्या, "नवव्या आज्ञेला, 'खोटी साक्ष देऊ नकोस' हिला, तू लहानपणीही अडखळायचास. हे खोटं आहे. त्या शनिवारी सकाळी तुझ्या अंगणातल्या टेबलावरून अख्खा गठ्ठा मीच उचलला आणि वायनेलनं स्वतः माझ्या गाडीत घातला. या क्षणी माझे सगळे टोमॅटो तुझ्या रॉडांना बांधलेले आहेत."